तीन पायऱ्यांची एक पायरी

परवा आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या एका घराचं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकून झालं. घरमालक माझा जुना विद्यार्थी. मोठ्या हौसेने बोलवायला आला, "सर, बघायला याच." गेलो. लाल-करड्या ब्लॉकची नक्षी, घराच्या दर्शनी भिंतीला खालून चार फुटांपर्यंत चकचकीत लाद्या, वर प्लॅस्टिक पेंट, आणि मधोमध जुना आंबा. ब्लॉक त्याच्या बुंध्याला असे भिडवलेले की मुंगीलाही आत शिरायला जागा नाही. चहा झाला. मग तो म्हणाला, "एकदाच करून टाकलं, सर. आता वीस वर्षं बघायला नको!"

मी "छान" म्हटलं आणि घरी आलो. संध्याकाळभर मात्र माझं डोकं तापलेलं होतं. त्याच्यावर थोडंसं, आणि स्वतःवर जास्त. कारण २०११ साली हेच वाक्य मी स्वतः म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत.

म्हणून आज जरा कडू लिहिणार आहे. गोड लागलं नाही तर माफ करा.

मिरा-भाईंदर म्हटलं की बाहेरच्या माणसाला टॉवर दिसतात. त्यात चूक नाही. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत आम्ही सव्वापाच लाखांच्या आत होतो, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. पण भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बाजूला निघालात की मुर्धा, राई, मोरवा अशी गावं अजून आहेत. कौलारू घरं आहेत, ओट्या आहेत, विहिरी आहेत, तुळशीवृंदावनं आहेत. दरवर्षी थोडी थोडी कमी होतात, पण आहेत. त्यातलंच एक आमचं. आजोबांनी १९४८ साली बांधलेलं. दगडी जोतं, विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं, पुढे अंगण आणि मागे परसदार.

आमच्या ओटीला तीन पायऱ्या होत्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळी गोष्ट या तीन पायऱ्यांचीच आहे. लहानपणी सगळ्यात खालच्या पायरीवर बसलो की पाय जेमतेम अंगणाला टेकायचे. १९९२ साली मी पतपेढीचं कर्ज काढून अंगणात सिमेंटचा कोबा केला. खाली खडी, वर कोबा, मिळून पाच इंच. पुढे बाहेरच्या रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि अंगण रस्त्यापेक्षा खाली गेलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस कोण विसरेल! त्या रात्री आमच्या ओटीवर पहिल्यांदा पाणी चढलं. आजोबांच्या काळातही मोठे पाऊस झालेच असतील, पण पाणी ओटीवर आलं होतं असं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मग उपाय काय केला? अंगण आणखी उंच केलं! २००९ ला निवृत्त झालो, हाती पैसे आले आणि २०११ ला भरणी करून वर पेव्हर ब्लॉक बसवले. भिंतींचा जुना चुना "खराब दिसतो" म्हणून खालचा भाग तासून सिमेंटचा गिलावा केला आणि वर प्लॅस्टिक पेंट मारला. कंत्राटदार म्हणाला, "मास्तर, एकदाच होऊन जाऊ द्या." मी म्हटलं, होऊन जाऊ द्या.

तीन पायऱ्यांची एक पायरी उरली. दोन पायऱ्या मी स्वतःच्या पैशाने जमिनीत पुरल्या. घर खचलं नव्हतं, आम्हीच त्याच्याभोवतीची जमीन वर चढवत होतो. जोतं कशासाठी असतं हे ज्या माणसाला आजोबांनी सांगितलं होतं, बी.ए. झालेल्या त्याच माणसाने हे केलं.

पुढे काय झालं ते या पट्ट्यातल्या निम्म्या घरांत जाऊन बघा. तिसऱ्या वर्षी माजघराच्या भिंतीला खार फुटला. आमची आजी याला लोणा म्हणायची. रंगाखाली फुगे आले, मग पापुद्रे, मग बोट लावलं की पांढरी भुकटी. दुकानदाराने एक महागडं रसायन दिलं. एक वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी ओल दोन फूट वर सरकली. मग दुसरं रसायन.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे एक जुने सहकारी घरी आले होते. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि मला विद्यार्थ्यासारखं समोर बसवून शिकवलं. ते तुम्हालाही सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही.

जुन्या भिंतीला पायातून ओल चढतेच. आपण तर मिठागरांच्या गावात राहतो, ती ओल खारी असते. चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रं असतात. ओल त्यातून बाहेर येते आणि वाऱ्या-उन्हाने उडून जाते. वरचा चुना थोडा झडतो, दरवर्षी एक हात मारला की झालं. सिमेंटचा गिलावा कडक आणि घट्ट, त्यावरचा प्लॅस्टिक पेंट म्हणजे रेनकोट. ओलीला बाहेर यायला वाट राहत नाही. मग ती आतल्या बाजूने येते, नाहीतर वर चढते. मीठ गिलाव्याच्या मागेच साठतं, त्याचे खडे होतात आणि ते वीट फोडतात. म्हणजे भिंत पावसापासून वाचावी म्हणून रेनकोट घातला आणि ती आतल्या घामानेच कुजली.

चुन्याचं रसायन तर फारच सुंदर आहे, हे मला सत्तरीत कळलं. चुनखडी किंवा समुद्राचे शिंपले भट्टीत भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरते ती चुनकळी. ती पाण्यात टाकली की उकळते आणि विरते. ते भिंतीला लावलं की हवेतला तोच वायू हळूहळू परत घेऊन त्याचा पुन्हा दगड होतो. कोणाला चुन्याचा भरवसा वाटत नसेल तर विरारची लोकल पकडून खाडीपलीकडे जावं. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतलेल्या वसई किल्ल्याचे तट बघावेत. समुद्राचा वारा, शतकानुशतकांचे पावसाळे, आणि तरी जागच्या जागी. ते बांधले तेव्हा त्यांत आजच्या पोर्टलंड सिमेंटचा कण नव्हता, कारण ते सिमेंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन नावाच्या माणसाने १८२४ साली पेटंट केलं.

मी सिमेंटचा शत्रू नाही. पाण्याची टाकी, न्हाणीघर, स्लॅब, इमारत, खुशाल सिमेंटची करा. पण चुन्यात बांधलेल्या घरावर सिमेंट थापणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला धट्टाकट्टा दिसावा म्हणून लोखंडी चिलखत घालून फिरवण्यासारखं आहे. त्याच्या हाडांना ते पेलत नाही. केरळात लॉरी बेकर यांनी आपल्याइतक्याच पावसात आणि समुद्राकाठी आयुष्यभर विटा आणि चुना वापरून घरं बांधली. विटेला गिलावासुद्धा बहुतेकदा केला नाही. सरकारने १९९० साली त्यांना पद्मश्री दिली. आपण त्यांचं कौतुक करतो आणि आपल्या विटा मात्र लादीखाली लपवतो.

आता अंगण. इथे मी गणिताचा तास घेतो. आमचं अंगण साधारण ६०० चौरस फुटांचं, म्हणजे ५६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला २००० मिलिमीटर धरा, तेवढा पडतोच. म्हणजे एका अंगणावर एक लाख बारा हजार लिटर. दहा हजार लिटरचे अकरा टँकर! सगळं मुरत नाही, अर्धं वाहून गेलं असं धरा. तरी पाच-सहा टँकर पाणी देव दारात ओतून जातो आणि आपण ते ब्लॉकवरून गटारात सोडतो. मग नळाचं पाणी आलं नाही म्हणून चिडतो. आपल्या नळाला येणारं पाणी उल्हास नदीचं, शहाडकडून इतक्या लांबून आणलेलं. दारातलं पाणी लोटून द्यायचं आणि लांबच्या पाण्याची वाट बघत हंडे मांडायचे, याला काय म्हणायचं?

कोणी म्हणेल, ब्लॉकच्या फटींतून मुरतं की पाणी. मुरलं असतं, खाली वाळू ठेवली असती तर. आमच्या गावात ब्लॉकखाली आधी काँक्रीटचा थर टाकतात, "बसू नये म्हणून". आणि झाडाचं काय? बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा, सिमेंट काढा, असं राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ साली दिल्लीच्या यंत्रणांना बजावावं लागलं. मुळांना पाणी आणि हवा लागते हे आपण चौथीला शिकवतो. ते राजधानीत लवादाला सांगावं लागलं, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या आंब्याला अजून कोणी वालीच नाही.

इथवर वाचून काही मंडळी खूश झाली असतील. त्यांच्यासाठीच पुढचं लिहितो. ही मंडळी म्हणजे मोबाइलवर शेणाने सारवलेल्या अंगणाचे फोटो पाठवणारी. खाली "गेले ते दिवस" आणि हात जोडलेले. सकाळी माझ्या फोनवर असे चार तरी येतात. पाठवणारे बहुतेक पुरुष असतात. मी त्यांना विचारतो, ते अंगण सारवलं कोणी? तुम्ही?

आमचं अंगण माझी आई सारवायची. पहाटे गोठ्यातून शेण आणायची, कालवायची, वाकून वाकून सहाशे फूट हाताने सारवायची. सणावाराला पुन्हा, पावसाळा संपला की मुरूम टाकून, चोपून पुन्हा पहिल्यापासून. वडील ओटीवर पेपर वाचायचे. मीही वाचायचो. १९९२ साली मी कोबा केला तो शोभेसाठी नव्हे, आईची कंबर धरली होती म्हणून. कोबा झाला त्या दिवशी ती त्यावरून अनवाणी फिरली आणि म्हणाली, "सुटले रे बाबा." तो शब्द मी विसरलेलो नाही. सिमेंटविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासकट, आधी या शब्दाला उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर असं आहे. सगळा भार एकट्या आईच्या कमरेवर होता, तिथे चूक होती. आम्ही तिला मदत करायच्या ऐवजी काम पुरून टाकलं. घरातल्या चार धडधाकट पुरुषांनी आठवड्यातून एक तास दिला असता तर तिची कंबरही वाचली असती आणि अंगणही. पण झाडू हातात घेण्यापेक्षा कर्ज काढणं आम्हाला सोपं वाटलं. "एकदाच करून टाका" या वाक्याच्या पोटात हेच दडलेलं असतं, की या घराला पुन्हा हात लावायची वेळ माझ्यावर येऊ नये. ज्या घराला वर्षभर कोणाचाच हात लागत नाही, ते घर आपलं कशावरून? सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून?

असो. नुसतं बोलून थांबणं हा मास्तरांचा जुना रोग आहे, म्हणून केलं काय ते सांगतो. २०२२ च्या डिसेंबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मी पहार हातात घेतली. सौ. म्हणाली, "लोकांना हसायला विषय देताय." मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, माणसं लावा ना." नातू तेव्हा नववीत होता, सुट्टीत आलेला. तो मात्र आला. दोघांनी मिळून सोळा दिवसांत निम्मं अंगण मोकळं केलं. रोज दोन तास, त्याहून जास्त नाही. ब्लॉक निघाले, खालचं काँक्रीट फोडलं, भरणीतली रॅबिट घमेल्याने काढली. काँक्रीट फोडायला दोन दिवस एक मजूर लावावा लागला, हे खोटं कशाला लपवू? अकराव्या दिवशी नातू ओरडला, "आजोबा, पायरी!" मधली पायरी मातीतून वर आली होती. तिच्यावर आमच्या थोरल्या काकांनी लहानपणी खिळ्याने कोरलेला मासा अजून आहे.

भिंतीचा सिमेंटचा गिलावा खालून तीन फूट तासला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. चार महिने. येणारा-जाणारा म्हणायचा, मास्तरांचे पैसे संपले वाटतं! पण ओली भिंत झाकायची नसते, आधी सुकू द्यायची. एप्रिलमध्ये एक म्हातारे गवंडी शोधून काढले. त्यांनी दोन दिवस हातात थापी देऊन चुना-वाळूचा गिलावा करायला शिकवलं. ओलं गोणपाट लावून तो सावकाश वाळवायचा असतो. घाई केली की तडे जातात. पहिल्या भागाला माझे गेलेच.

दिवाळीआधी चुन्याचा हात. यातही फजिती झाली. पहिल्यांदा मी चुना खिरीसारखा दाट केला आणि भर दुपारी कोरड्या भिंतीवर फासला. दुसऱ्या दिवशी टेकेल त्याची पाठ पांढरी! आता शहाणा झालो आहे. चुना दुधाइतका पातळ हवा. तो पंधरा दिवस मुरलेला, जुन्या धोतरातून गाळलेला. त्यात थोडा डिंक. भिंत आधी पाण्याने भिजवायची, ऊन उतरल्यावर कुंचा मारायचा, आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात. रंग हवा तर पिवडी किंवा गेरू. जुना प्लॅस्टिक पेंट खरवडल्याशिवाय चुना धरत नाही, तो कंटाळा करू नका. आणि एक इशारा. चुनकळी विरवताना ती पाण्यात थोडी थोडी टाकायची, लोखंडी पिंपात, डोळ्यांवर चष्मा लावून, मुलांना लांब ठेवून. चुन्याने डोळा जातो, थट्टा नाही. भीती वाटत असेल तर दुकानात विरवलेल्या चुन्याची पिशवी मिळते.

निम्मं अंगण मोकळं केलं म्हणालो, सगळं नाही. फाटकापासून ओटीपर्यंत तीन फुटांची वाट ब्लॉकचीच ठेवली, फक्त खाली आता वाळू आहे. सौ.चे गुडघे दुखतात, पावसात तिने चिखलातून का चालावं? मोटरसायकलीची जागाही तशीच आहे. बाकीच्या मातीत मुरूम चोपला, कडेने गवती चहा, अनंत, तगर. भिंतीलगत दीड फूट काहीच नाही, नुसती खडी, पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार देऊन. सारवण करत नाही. गोठाच नाही तर शेण कुठलं! रोज सकाळी झाडू मी मारतो. पहिल्या दिवशी समोरच्या वहिनी बघत उभ्या राहिल्या होत्या. आता बघत नाहीत.

तीन पावसाळे गेले. माजघराची ओल दीड फुटावर खाली आली आहे, पूर्ण गेलेली नाही. विहीर? तिच्यात फरक पडला असं मी सांगणार नाही. आजूबाजूला इतक्या इमारती आणि बोअर झाल्या आहेत की माझ्या निम्म्या अंगणाने तिचं काय होणार. पण मोठ्या पावसानंतर तासाभरात अंगणातलं पाणी दिसेनासं होतं, आणि ते गटाराकडे गेलेलं नसतं.

शेवटचा आक्षेप सगळ्यात टोकदार आहे, आणि तो माझ्या मुलाचा आहे. तो म्हणाला, "बाबा, उद्या हे घर बिल्डरला जाणार. कशाला एवढी मेहनत?" मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. जाईलही कदाचित. माझ्यामागे काय करायचं ते तो ठरवील. पण एक मी बघितलंय. ज्या घरांची अंगणं आधी झाकली गेली, त्यांच्या भिंतींना ओल आली. ओल आली म्हणून माणसं म्हणाली, घर जुनं झालं. जुनं झालं म्हणून विकलं. ते घर वयाने जुनं झालं नव्हतं, आपण केलेल्या दुरुस्तीने आजारी पडलं होतं. निदान माझं घर विकायचं ठरलं तर ते धडधाकट असताना ठरावं, म्हणजे विकणाऱ्याला आपण काय विकतोय ते कळेल. मुलगा यावर काही बोलला नाही. पण गेल्या दिवाळीत पुण्याहून येताना त्याने दोन नवे कुंचे आणले.

आता माझ्या त्या विद्यार्थ्यासाठी. बाळा, परवा तुझ्या तोंडावर "छान" म्हणालो, ते खोटं होतं. वर्गात तुला खोटं बोलल्यावर उभं करायचो, आज मी उभा आहे. सगळं उखडून टाक म्हणत नाही, तुझे पैसे नुकतेच गेलेत. फक्त त्या आंब्याभोवतीचे ब्लॉक काढ, चारी बाजूंनी एक मीटर. रविवारी सकाळी दोन तासांचं काम आहे. पहार माझ्याकडे आहे, आणि घमेलं उचलायला मी येतो.